नाल्यापलीकडची चूल

सोंगणीचे दिवस आले की माझ्या टाचा दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतो, वय झालं. असेलही. पण आषाढात त्या दुखत नाहीत, चैत्रात दुखत नाहीत. ज्वारीची कणसं भरून वाकली, तुरीच्या शेंगा चरचर वाजू लागल्या आणि सकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतात पाय भिजू लागले, की मग बरोबर दुखतात. शरीराला पंचांग कळतं, एवढंच मी म्हणेन.

यंदाही दुखायला लागल्या, आणि त्याच आठवड्यात घरमोजणीची बाई दारात आली. बाई कसली, पंचविशीतली पोरगी. खालच्या आळीच्या शाळेत शिकवते, सरकारनं तिला या कामाला जुंपलंय. काखेत कागदांचा गठ्ठा, चपला धुळीनं इतक्या माखलेल्या की पट्टा कुठं आणि पाय कुठं ते कळू नये. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिनं विचारायला सुरुवात केली. माणसं किती, खोल्या किती, ढोरं किती. मग पेन रकान्यावर टेकवून म्हणाली, "चूल एकच ना?"

"लिहू नको," मी म्हणालो. "आत ये, चूल बघ, मग लिही."

ती हसली. अजून बावीस घरं राह्यली बाबा, म्हणाली. त्या हसण्यात चेष्टा नव्हती, नुसता शीण होता. तो शीण मी ओळखला. आपली जुनी पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर दिसावी तसं झालं. तिला बळंच ओट्यावर बसवलं, सुनेला सांगितलं की काहीतरी खायला दे हिला, आणि मी खांबाला टेकून बसलो. पोरगी पाय चोळत होती. मी समोरच्या वावराकडे बघत होतो.

मी हिच्या वयाचा होतो तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे साहेब नागपुरात बसत आणि तिथून त्यांना खेड्यांबद्दल काही ना काही जाणून घ्यावंसं वाटे. एका वर्षी वाटलं की घरागणिक माणसं, अवजारं, बैल आणि पिकं लिहून काढावीत. वाटणं नागपूरला, चालणं आम्हाला. मी मोताळ्याकडच्या एका शाळेत नवा मास्तर होतो. दिवाळीनंतर शाळेला कुलूप लागलं आणि माझ्या हातात एक निळसर फॉर्मांची चवड, एक जांभळी पेन्सिल आणि गेरूचं डबडं आलं. गेरू घरांच्या दारावर नंबर टाकायला. डब्याला सुतळी बांधून मी ते बोटात अडकवायचो. चालताना ते गुडघ्यावर आपटे, आणि संध्याकाळी धोतराचा एक सोगा तांबडा झालेला असे.

त्या पेन्सिलीची चव अजून जिभेवर आहे. तिचं टोक ओलं केलं की शाई उमटे, म्हणून दर ओळीला ती तोंडात घालायची. दुपारपर्यंत जीभ जांभळी. लोकांना वाटे मास्तर जांभळं खाऊन आला, पण मार्गशीर्षात जांभळं कुठली. एका गावात पोरं माझ्यामागून जीभ काढत फिरली होती. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. पंधरा दिवसांत अकरा गावं पायाखाली घातली होती आणि हसण्यापुरतंही बळ शिल्लक नव्हतं.

लोक वाईट नव्हते. प्रश्न वाईट होते. वावर किती, म्हटलं की सांगत, दोन बैलांचं चार दिवसांचं. म्हणजे एवढं नांगरायला चार दिवस लागतात तेवढं. त्याचे एकर मी मनानं करायचे. पोरं किती, म्हटलं की बाया पदर पुढं ओढून गप्प बसत, कारण पोरं मोजली की त्यांना दृष्ट लागते. नवऱ्याचं नाव विचारावं तर त्या जावेला खुणावत आणि जाऊ नाव सांगे. एका म्हाताऱ्यानं घरात किती जण, या प्रश्नाला अकरा असं ठणकावून सांगितलं. मी मोजले तर नऊ भरले. तो म्हणाला, "बैल दोन नाही काय धरले?" मी फॉर्म खोडला, पुन्हा लिहिला. आता वाटतं की त्याचंच उत्तर खरं होतं, रकाने चुकीचे होते.

घर कशाला म्हणायचं, हा सगळ्यात अवघड प्रश्न. एका वाड्यात तीन भाऊ राहतात आणि एकाच भांड्यातलं खातात, ते एक घर. एका खोलीत सासू आणि सून अबोला धरून दोन कोपऱ्यांत शिजवतात, ती दोन घरं. आमच्या निरीक्षक साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की छप्पर मोजू नका, चूल मोजा. पण त्यातही एक मेख होती. सोंगणीच्या दिवसांत अर्धं गाव वावरात असतं. पाखरं, रानडुकरं राखायला माणसं खोपडी, म्हणजे कुडाची झोपडी, घालतात, तीन दगड मांडतात आणि तिथंच शिजवतात. ती चूल मोजायची नाही. पीक घरी आलं की ती मोडते. तेव्हा कुठली चूल हंगामाची आणि कुठली कायमची, हे प्रत्येक ठिकाणी पायानं जाऊन, डोळ्यांनी बघून ठरवायचं. पायानं जाऊन, यावर साहेबांनी जोर दिला होता. साहेब स्वतः बैलांच्या दमणीतून आले होते.

ते गाव धामणगाव बढ्यापासून दीडेक कोसावर. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नांदती आहेत. तिथं पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही टाचांचे फोड फुटलेले होते. जोड्यांत चिंध्या कोंबून चालत होतो. दुपारपर्यंत सगळी घरं झाली आणि शेवटी किसनरावांच्या ओट्यावर टेकलो. किसनराव म्हणजे भारदस्त गृहस्थ, चार नांगरांचा धनी, बोलणं हळू आणि अदबीचं. त्यांनी पाणी दिलं, पानाचा डबा पुढं केला, बाजेवर पाय वर घेऊन बसायचा आग्रह केला. घरातली माणसं त्यांनीच एकेक करून सांगितली. धाकटा भाऊ महादेव आणि त्याची बायको द्वारका नाल्यापलीकडच्या वावरात आहेत, असंही सांगितलं.

मी विचारलं, त्यांची चूल वेगळी का?

"राखनीले गेला तो. जवारी घरी आली का तोही येते," किसनराव म्हणाले. "चूल एकच हाये मास्तर. बाप गेला तवापासून एकच."

नियम होता म्हणून उठलो. नाल्यापर्यंत गेलो. नाला फार मोठा नव्हता. गुडघ्याइतकं पाणी, तळाला गोटे, मार्गशीर्षातलं गार पाणी. अलीकडे एक निंब होता. त्याच्या खाली बसलो आणि जोडे काढले. चिंध्या कातड्याला चिकटल्या होत्या. त्या सोडवताना डोळ्यांत पाणी आलं, आणि मग पाय खाली टेकवावेसेच वाटेनात. मी तिथून पलीकडे बघत राहिलो.

पलीकडची खोपडी नीट दिसत होती. कुडाला हात फिरवून सारवलेलं होतं. छपरावर वालाचा वेल चढलेला आणि त्याला शेंगा लोंबत होत्या. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो आहे, वालाचा वेल किती दिवसांत छपरावर चढतो ते मला शिकवावं लागत नाही. तो पावसाळ्याच्या तोंडी लावलेला होता. ज्वारी राखायला आलेलं माणूस पावसाळ्यात वाल लावत नाही. हे मला त्या निंबाखाली बसल्या जागी समजलं होतं. मला समजलं नव्हतं असं मी पुढं कितीदा स्वतःला सांगून बघितलं, पण ते काही पटत नाही.

खोपडीतून धूर निघत होता. थोड्या वेळानं एक माणूस कपड्यात काहीतरी गुंडाळून पाण्यात उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. तो महादेव. किडकिडीत, दाढी वाढलेली, बोलताना मान जराशी वाकडी करायची सवय. मास्तर उपाशी बसले म्हणून घरचीनं भाकर दिली, असं म्हणाला आणि कपडा माझ्यापुढं सोडला. नव्या ज्वारीची भाकर, वर वालाच्या शेंगांची कोरडी भाजी, एक हिरवी मिरची. भाकरीतून वाफ येत होती. पहिला तुकडा मोडला तर बोटं पोळली.

मी खात होतो आणि महादेव उकिडवा बसून सांगत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं भाऊ वेगळे झाले. भांडण झालं नाही, बायकांचं पटत नव्हतं एवढंच. चार माणसं बसली, हे वावर त्याच्या वाट्याला आलं, बैलजोडी आली. तेव्हापासून तो आणि द्वारका इथंच राहतात. सणावाराला थोरल्याकडे जातात, तिथं जेवतातही. पण चूल इथली.

मग तो थोडा पुढं सरकला. "वाटनी तोंडीच झाली मास्तर. लिवलेलं कुठीच नाही. तुमच्या कागदात आलं तं एक आधार होईन. चाला ना पल्याड, पानी लय नाही, मी हात धरतो. दारावर नंबर टाकून द्या."

मी त्याच्या पायांकडे बघितलं, मग माझ्या. "दिसतंय इथून," मी म्हणालो. "लिहितो मी."

तो खूश झाला. कपडा झटकून खांद्यावर टाकला आणि आला तसा पाण्यातून परत गेला. पलीकडे एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा एवढ्या लांबून दिसला नाही.

दिवेलागणीला किसनरावांच्या ओट्यावर कागद पुरे करायला बसलो. वेगळं घर लिहायचं तर वेगळा फॉर्म. वेगळ्या फॉर्मला वेगळा नंबर. नंबर दारावर टाकल्याशिवाय कागदावर टाकायचा नाही, हा कडक हुकूम. म्हणजे सकाळी नाला ओलांडणं आलं. सकाळी तर दुसऱ्या गावाला जाणारी बैलबंडी मिळत होती. पायी चालायचं वाचणार होतं. किसनराव शेजारी बसून कंदिलाची वात सारखी करत होते आणि म्हणत होते, एकच हाये मास्तर, काऊन तरास घेता. मी पेन्सिल जिभेला लावली. आठव्या ओळीत महादेव, नवव्या ओळीत द्वारका. चुली, एक. खाली सही.

ही चूक करायला मास्तरच लागतो. अडाणी माणसानं गरम भाकर खाल्ली असती तर चूल कुठं आहे हे त्याला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नसतं.

पुढचं सांगायला मला कंटाळा येतो. कंटाळा हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा मिळत नाही. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्यात महादेव तापानं गेला. मूल नव्हतं. तेव्हाची रीत अशी की एकत्र घरातला भाऊ मेला तर त्याचा वाटा उरलेल्या भावाकडे जाई, आणि बायकोला त्या घरात अन्नवस्त्र मिळे. पण भाऊ जिवंतपणी वेगळा झालेला असला, तर त्याचा वाटा ती जिवंत असेपर्यंत तिच्याकडे राही. वेगळं होणं म्हणजे वेगळी चूल. किसनराव म्हणाले, वाटणी कधी झालीच नाही. वाटणीला बसलेल्या चारांपैकी दोन माणसं मेली होती आणि उरलेल्या दोघांना किसनरावांच्या विहिरीचं पाणी लागत होतं. द्वारकेच्या वकिलानं कुठूनसं शोधून काढलं की त्या साली सरकारनं चुली मोजल्या होत्या. त्यानं नक्कल काढली. नकलेत एक.

ती शाळेत आली तेव्हा माघ उजाडला होता. पोरं पाढे म्हणत होती. शाळेपुढच्या निंबाखाली एक बाई उभी दिसली, तिचा भाऊ मागं कुंपणाशी थांबला होता. मी बाहेर गेलो. मी तिला ओळखलं नाही, ओळखणार कसा, चेहरा पहिल्यांदाच बघत होतो. "मी नाल्यापल्याडची," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती, त्याची गरजही पडली नाही.

तिनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. कागदात एक का लिहिलं, हेसुद्धा तिनं विचारलं नाही. कदाचित वकिलानं तिला सांगितलं होतं की सही केलेला कागद मास्तर स्वतःहून खोटा म्हणणार नाही. तिचं मागणं लहान होतं. कोर्टाच्या तारखेला येऊन मी एवढंच सांगायचं की नाल्याकाठी मला भाकर मिळाली होती आणि ती गरम होती. थोरल्याच्या घरून ती आली असती तर थंड झाली असती. बाकी न्यायाधीश समजून घेईल.

"गरम होती का थंडी, तेवढंच सांगा मास्तर."

मागं पोरं सतराच्या पाढ्यावर अडली होती. माझी नोकरी अजून कच्ची होती. न जाता, न बघता कागद भरला हे मला भर कचेरीत कबूल करावं लागलं असतं, आणि साहेबांनी तसल्या दोन मास्तरांना घरी बसवल्याचं कानावर आलं होतं. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. हे सगळं तेव्हा मनात आलं. ही कारणं खरी होती. खऱ्या कारणांचा उपयोग होत नाही, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

"आठवत नाही बाई," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. वर्गात हुशार पोरगा सोपं उत्तर चुकला की मी त्याच्याकडे जसा बघायचो, तशी.

"मले आठोते," ती म्हणाली. "त्याईनं घरी येऊन सांगतलं होतं. मास्तरनं फुकून फुकून खाल्ली म्हने. मी हासली होती."

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भावाला हाक मारून निघून गेली. मी वर्गात आलो आणि सतराचा पाढा पहिल्यापासून म्हणायला लावला.

दावा टिकला नाही. ती किसनरावांच्या घरी राहायला गेली, असं ऐकलं. किसनरावांनी तिला दोन वेळचं जेवण आणि वर्षाची लुगडी कधी चुकवली नाहीत, तेवढे ते सज्जन होते. त्या घरात दुसऱ्याच्या चुलीपुढं बसून तिनं किती हजार भाकरी थापल्या असतील, याचा हिशेब मला येतो, पण मी करत नाही. बऱ्याच वर्षांनी बदलीच्या वाटेवर मी त्या नाल्याशी थांबलो होतो. उन्हाळा होता, नाला कोरडा. पलीकडे खोपडी नव्हती आणि मधला धुरा नांगरून टाकलेला. जोडे न काढता मी चाळीस पावलांत पलीकडे पोचलो. पावलं मोजली, सवयीनं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून परत आलो.

लोक म्हणतात माणसाला मोठी पापं छळतात. मला तसा अनुभव नाही. मी मोठं काही केलंच नाही. मी फक्त दमलो होतो. आणि आता वाटतं, या देशातल्या कपाटांत जेवढे कागद आहेत त्यांत कितीतरी ओळी अशा असतील, ज्या खोट्या माणसांनी नाही, दमलेल्या माणसांनी लिहिल्या आहेत. कुणाच्या तरी टाचा फुटल्या होत्या, कुणाला बंडी गाठायची होती, आणि नाल्यापलीकडे कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं होतं.

सूनबाई ताट घेऊन आली तेव्हा माझी तंद्री मोडली. ताटात भाकर, वांग्याचं भरीत आणि तेल-तिखट. पोरगी संकोचली, मग भुकेपुढं संकोच राहिला नाही. तिनं कागदांचा गठ्ठा बाजूला सारला आणि भाकर मोडली. वाफ निघाली. तिनं बोटं झटकली.

मी म्हणालो, "आधी आत जाऊन चूल पाहून ये. मग खा."

मी असा का बोललो ते तिला कळलं नाही. सूनबाईलाही नाही, ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. पोरीनं मात्र राग मानला नाही. म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं हे चाळीस घरं फिरलेल्या माणसाला येतं.

"भाकर गरम हाये ना बाबा," ती म्हणाली. "मंग चूल अजून काय पाहू?"

तिनं डाव्या हातानं गठ्ठा पुन्हा मांडीवर ओढला, पेन उघडलं आणि चुलीच्या रकान्यात एक लिहिलं. मग भाकरीवर फुंकर घातली.